वाघोबांचा पंजा आणि पहिला आलेला ससा

एका जंगलात, बाळांनो, नदीपलीकडे एक वैद्यशाळा होती. तिथे भागूबाई अस्वलीण शिकवायच्या. त्या विद्यार्थ्याला आधी पेशंटचा हात धरायला लावत. हात गरम आहे की गार, थरथरतो की नाही, हे सांगता आलं तरच औषधाकडे वळत. यात फार वेळ जाई. शिवाय नदीला पूर आला की शाळा बुडे.

म्हणून वाघोबा महाराजांनी कोल्ह्याला प्राचार्य नेमलं. कोल्ह्याने बिळाबिळात पडदे बसवले. पडद्यावर पेशंट म्हणून एक कापडी बाहुला होता. तो शहाणा होता, कधी कण्हत नसे. धडा संपला की पडदा विचारी, 'समजलं का?' 'नाही' दाबलं की धडा पहिल्यापासून सुरू होई. त्यामुळे सगळ्यांना सगळं समजू लागलं.

शशांक ससा तर दुप्पट वेगाने धडे पाही, तेही लोळत. तो पहिला आला. भागूबाईंना शाल देऊन घरी बसवलं.

पुढे वाघोबा साळिंदराच्या मागे लागले आणि पंजात काटा घुसला. पंजा टम्म सुजला, ताप चढला. शशांकला बोलावणं गेलं.

त्याने पंजाला हात लावताच वाघोबा गुरगुरले. बाहुला कधी गुरगुरला नव्हता. शशांकला पुढचं काही आठवेना. त्याने चाचरत विचारलं, "महाराज, समजलं का?"

"नाही," वाघोबा म्हणाले.

मग शशांकने धडा पहिल्यापासून म्हणायला घेतला.

अखेर भागूबाईंना आणलं. त्यांनी शशांकचा हात धरून सुजलेल्या पंजावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. पंजा निखाऱ्यासारखा तापला होता. दुखणं म्हणजे काय, ते शशांकला तेव्हा कळलं. त्याला रडू आलं. मग दोघांनी मिळून काटा काढला.

बरे झाल्यावर वाघोबांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोल्हाच. धड्यात काही चूक नव्हती, पेशंट ऐनवेळी हलला, असं समितीला आढळलं. तेव्हा आजारी पडण्याआधी प्रत्येकाने 'आदर्श पेशंट' हा अभ्यासक्रम पडद्यावर पुरा करावा, असा हुकूम सुटला.

शशांक म्हणाला, "मला परत भागूबाईंकडे शिकायचंय."

कोल्ह्याने त्याला प्रेमाने समजावलं की आता ते जमणार नाही. भागूबाई त्या अभ्यासक्रमात नापास झाल्या होत्या. दाढ दुखली तेव्हा त्या कण्हल्या होत्या.

तात्पर्य : चांगला विद्यार्थी धडा संपेपर्यंत बघतो. चांगला पेशंट धडा संपेपर्यंत जगतो.