एकट्याचा प्रलय

“माझी कॅसेट एकदा बाजारात येऊ दे, उल्हासनगरवाल्यांची झोप उडेल! पण तिची डुप्लिकेट काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही!”

चिंतामणी पोंक्षे याने एक्क्याण्णव सालच्या संक्रांतीला बदलापुरात मांजर्लीच्या चहाच्या टपरीवर ही घोषणा केली. ऐकायला टपरीवाला आणि दोन रिक्षावाले होते. पण चिंतामणी बोलायला लागला की समोर शिवाजी पार्क भरलंय असंच त्याला वाटे!

तोपर्यंत तो ‘बॅरेज बॉईज’ या बदलापुरातल्या एकमेव रॉक बँडचा मुख्य गायक होता. एकमेव असल्यामुळे बँड पहिल्या नंबरवर होता, हे तर ओघानेच आलं. पण ड्रम वाजवणारा सोनिवलीचा चंदर आपला आवाज दाबतो, असं चिंतामणीच्या डोक्यात बसलं. एके दिवशी तो म्हणाला, “चंदर, मी आता सोलो करणार.”

“कर ना,” चंदर म्हणाला. “पन यकटा नाचशील कसा? तुला बघून तूच टाळ्या वाजवशील काय?”

झालं! चिंतामणीने तिथल्या तिथे बँड सोडला आणि दादरच्या एका स्टुडिओत जाऊन आठ गाणी रेकॉर्ड केली. ड्रमच्या जागी मशीन. अल्बमचं नाव ‘एकट्याचा प्रलय’. साठ मिनिटांची कॅसेट, आणि त्यातलं एकही गाणं घाईत नव्हतं! मुख्य गाण्याचे शब्द होते, ‘बुडतोय मी, बुडतोय मी, हात नका देऊ!’ हे ‘बुडतोय’ म्हणायला तो इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात बुडणारा पोहायला शिकून बाहेर आला असता.

वडील विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. माणूस शिस्तीचा, पण अन्याय करणारा नव्हे. त्यांनी कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, चष्मा पुसला आणि अट घातली.

“आमच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडायची जागा निघतेय. वैशाख संपेपर्यंत तुझी ही कॅसेट आपल्या घराबाहेर, कुणी आपणहून लावलेली, माझ्या या कानांनी मला ऐकू आली पाहिजे. आली, तर जन्मभर गा. नाही आली, तर पहिल्या तारखेपासून माझ्याबरोबर डबा घेऊन निघायचं.”

“वैशाख कशाला? फाल्गुनातच ऐकाल, बाबा!”

फाल्गुन गेला. चैत्र गेला. पाचशे कॅसेटी पलंगाखाली तशाच पडून होत्या. डुप्लिकेट ओळखू यावी म्हणून प्रत्येकीवर त्याने सोनेरी पेनाने सही केली होती! आई, म्हणजे कुमुदिनीबाई, त्या खोक्यांवर कुरडया वाळत घालू लागल्या. “चिंतू, उंची अगदी बरोबर आहे हो खोक्यांची,” त्या कौतुकाने म्हणाल्या.

आपला माल खपत नाही, याचा अर्थ डुप्लिकेट खपतेय, असं त्याने ठरवलं आणि तावातावाने उल्हासनगर गाठलं. कॅम्प नंबर दोनमध्ये ईश्वरशेठचं कॅसेटचं दुकान होतं. पुढे विक्री आणि मागे मशीन! शुक्रवारी सकाळी मुंबईत आलेलं गाणं शुक्रवारी दुपारी ईश्वरशेठकडे मिळायचं. चिंतामणीने सगळ्या फळ्या पालथ्या घातल्या. देशातल्या झाडून सगळ्या गायकांच्या नकला तिथे होत्या. त्याची नव्हती!

“माझी डुप्लिकेट कुठाय?” तो ओरडला.

“साईं, डुप्लिकेट उसका बनता है जिसका ओरिजिनल चलता है,” ईश्वरशेठ शांतपणे म्हणाला. “तुम कौन?”

एवढा अपमान चिंतामणीचा उभ्या जन्मात झाला नव्हता. मघाशी तावातावाने ओरडणारा हा पठ्ठ्या आता स्टुलावर बसून काकुळतीला आला. “शेठ, एक डाव काढा हो माझी डुप्लिकेट! आयुष्याचा प्रश्न आहे!”

ईश्वरशेठच्या पंधरा वर्षांच्या धंद्यात असलं गिऱ्हाईक पहिलंच. त्याला दया आली. “कितने मिनट का है? साठ? मेरे पास अभी पैंतालीसवाला टेप पडा है.” मग जरा विचार करून म्हणाला, “कोई बात नहीं. बिठा देगा.”

कसं बसवणार, हे चिंतामणीने विचारलं नाही. तिथेच तर सगळं घडलं!

वैशाख संपायला तीन दिवस उरले. विष्णुपंतांनी पोरासाठी नवा डबा आणून ठेवला, तीन पुडांचा. चिंतामणी त्या डब्याकडे पाहिनासा झाला. त्यातच चंदरच्या बहिणीची, काशीची हळद आली. चंदरचे वडील जनूभाऊ विष्णुपंतांच्याच खात्यात कामाला, म्हणून आमंत्रण अख्ख्या कुटुंबाला होतं. चंदर आपलं तोंड बघणार नाही, अशी खात्री असूनही चिंतामणीला जावं लागलं.

सोनिवलीला पोचले तेव्हा पाच वाजले होते, उन्हं अजून तापलेली होती. मांडवात हळद लागत होती आणि झाडाला बांधलेल्या भोंग्यातून कुणा पोरीचं भन्नाट वेगाचं, चिरक्या आवाजातलं गाणं ठणाणत होतं. सगळं गाव नाचायला तुटून पडलं होतं! बायका, पोरं, खुद्द जनूभाऊ. मध्ये चंदरची सत्तरीची आजी मोतीबाई, पदर खोचून! गाण्यात एका जागी सगळे भसकन खाली बसत आणि लगेच दोन्ही हात वर करून उसळत.

“काय भिकार गाणं आहे!” चिंतामणी वडिलांच्या कानात म्हणाला. “लोकांना संगीत म्हणजे काय ते ठाऊकच नाही, बाबा!”

आणि मग त्याला शब्द ऐकू आले. बुडतोय मी, बुडतोय मी! गाव खाली बसलं. हात नका देऊ! हात वर!

ईश्वरशेठने बसवलं होतं ते असं! साठ मिनिटांचा माल पंचेचाळीस मिनिटांच्या टेपवर मावावा म्हणून त्याने मशीनच जोरात पळवलं होतं, आणि त्या वेगात खर्जाची पोरगी झाली होती!

“बाबा! ही माझी कॅसेट! ऐका, ऐका! कुणी आपणहून लावलीय!”

“तू आत्ता भिकार म्हणालास.”

“तेव्हा मला माझी आहे हे माहीत नव्हतं!”

विष्णुपंत शिस्तीने टेपपाशी गेले आणि कव्हर घेऊन आले. त्यावर दोन वेण्या घातलेल्या पोरीचा फोटो होता आणि खाली नाव होतं: बेबी मीनल. आवाज ऐकून कव्हर छापणाऱ्याने आपलं डोकं चालवलं होतं.

“ही तू?” विष्णुपंतांनी विचारलं.

आता करायचं काय? चिंतामणीने सरळ टेप बंद करून माईक धरला आणि आपल्या मूळ खर्जात, मूळ वेगाने सुरू केलं, “बुऽऽऽडतोय…” नाच जागच्या जागी थिजला. पोरं रडू लागली.

“या पोऱ्याला काय व्हतंय रं?” मोतीबाईने घाबरून विचारलं. “पानी द्या कुनीतरी त्याला!”

विष्णुपंतांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान पाहिली आणि चिंतामणीच्या मनातून सोलो, खर्ज, इभ्रत, सगळं गेलं. त्याने डोळे मिटले, गळा आवळला आणि भोंग्यातल्या पोरीच्या आवाजात, तिच्याच वेगाने गाणं झोडायला सुरुवात केली! दुसऱ्या ओळीला मागून ढोल आला. चंदर! त्याने हळदीवाल्यांचा ढोल हिसकावून घेतला होता आणि तो दात काढून हसत होता. “हाण, चिंत्या! थांबू नको!”

मांडव उसळला! मोतीबाई खाली बसली ती उसळी मारूनच उठली. सात वेळा ‘वन्स मोअर’ झाला. सातव्या वेळेला चिंतामणीने डोळे उघडले, तर समोर विष्णुपंत हात वर करून उभे! कुमुदिनीबाईंनी तोंडाला पदर लावला होता. हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच ठाऊक. चिंतामणीला मात्र रडू आलं, आणि तो बेबीच्या आवाजात रडत रडतच गायला.

आठवडाभरात नऊ हळदींची आमंत्रणं आली. घरात फोन नसल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या अंजनाकाकूंचा फोन खणखणून तापला. चंदर पुन्हा ड्रमवर आला. टाइम ऑफिसात दुसरा कुणीतरी लागला. फोनवर बोलायचं काम विष्णुपंतांनी स्वतःकडे घेतलं होतं. छाती फुगवून ते खणखणीत आवाजात सांगत असत, आणि जिन्यात उभा राहून चिंतामणी निमूट ऐकत असे:

“हॅलो! हो, हो, बेबीचा बापच बोलतोय! शाळा? छे हो, शाळेची काळजी नको. तिला फक्त दाढीला गरम पाणी द्या!”