थंडीबाईंचा वाघचौऱ्यांकडचा मुक्काम

आमच्या नांदखडी गावात थंडी एकच आहे आणि ती वारावर जेवते. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती येते. कंडक्टर तिला शेवटच्या बाकावर बसवतो आणि तिच्याकडची खिडकी कितीही ओढली तरी बंद होत नाही. स्टँडवर उतरली की त्या दिवसापासून होळीपर्यंत ती रोज एका घरी मुक्कामाला असते. ज्या घरी ती, त्या घरात थंडी. बाकीच्या गावात नुसत्या सदऱ्यावर हिंडावं. घरं एकशे दहा आणि शिवारातल्या गव्हा-हरभऱ्याचे पाच दिवस, असा हिशेब बरोबर बसतो.

दर घराच्या वाट्याला हिवाळा एकच दिवस येतो, त्यामुळे तो वाया घालवून चालत नाही. त्या दिवशी घरातली सगळी माणसं पाचला उठतात, एकमेकांना तेल चोळतात, सूर्यनमस्कार घालतात, सकाळी मेथीचा लाडू, दुपारी बाजरीची भाकरी आणि लोणी, संध्याकाळी डिंकाचा लाडू खातात आणि घरात असतील नसतील तेवढे स्वेटर एकावर एक घालून ओसरीत बसतात. त्या एका दिवसात दम लागू नये म्हणून लोक महिनाभर आधीपासून नदीपर्यंत पळायला जातात. गावात जो काही व्यायाम होतो तो एवढाच.

मी हिवाळा समितीचा चिटणीस आहे, एकोणीस वर्षं. वारपत्रक मी आखतो. सूर्य उगवला की मी वही घेऊन त्या घराच्या उंबऱ्याशी जातो आणि कुटुंबप्रमुखाला तीन प्रश्न विचारतो. नीरोगी? चपळ? आनंदी? तिन्ही रकान्यांत 'होय' पडलं, खाली सही झाली, की थंडीबाई आपलं बोचकं उचलून पुढच्या घरी जातात. एक जरी 'नाही' पडलं तर त्यांचा मुक्काम एका दिवसानं वाढतो. असं माझ्या काळात एकदाच झालं होतं. आमच्या गावचा पैलवान बाजीराव सकाळी साडेसातला गोधडीत सापडला होता. दुसऱ्या दिवशी तो चारला उठला आणि प्रकरण मिटलं.

बाईंचा कोणाला त्रास नसतो. ठेंगण्या आहेत, पांढरं लुगडं नेसतात, पायात काही घालत नाहीत आणि बोलतात फार कमी. ताटात पडताक्षणी भाकरी गार होते, पण त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नाही.

यंदा एकोणीस डिसेंबरला त्यांचा वार दिगंबर वाघचौऱ्यांकडे होता. वाघचौरे तात्या वीज खात्यात मीटर वाचायला होते, आता निवृत्त. गेल्या आषाढात त्यांची बायको तारा वारली, तेव्हापासून घरात एकटेच. सरपंच विमलताई खैरनार यांनी मला हळूच विचारलं होतं की यंदा तात्यांचं घर वगळायचं का. मी नाही म्हटलं. वारपत्रकातून नाव गाळलं असतं तर तात्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं असतं, आणि मला गावात कॅरम खेळायला दुसरं कोणी नाही.

तात्यांनी सरबराईत काही कमी केलं नाही. डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः वळले. ते खलबत्त्यात घालून फोडावे लागले, पण बाईंनी दोन खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली. नीरोगी म्हटल्यावर तात्यांनी रक्तदाबाचा कागद दाखवला. चपळ म्हटल्यावर त्यांनी तिथंच सूर्यनमस्कार सुरू केले, सातव्याला मी त्यांना थांबवलं. मग मी तिसरा प्रश्न विचारला आणि सवयीनं 'होय' लिहायला पेन टेकवलं. तात्यांनी वळून घराकडं पाहिलं आणि 'नाही' म्हणाले.

मी त्यांना समजावलं की हा रकाना असाच भरायचा असतो. एकशे दहा घरांत कोण खरंच आनंदी आहे हे कोणी तपासत बसत नाही. शेवाळ्यांच्या घरी तर सासूसुनांचं भांडण चालू असतानाच मी 'होय' लिहून घेतो.

"चिटणीस," तात्या म्हणाले, "छत्तीस वर्षं लोकांची मीटरं वाचली. काटा जिथं असेल तोच आकडा लिहिला. आता स्वतःचं मीटर तेवढं खोटं लिहू का?"

मी रकान्यात 'नाही' लिहिलं. बाईंनी उचललेलं बोचकं पुन्हा खाली ठेवलं.

त्या दिवशी वार शेवाळ्यांचा होता. त्यांचे पाहुणे सटाण्याहून मुद्दाम थंडीसाठी आले होते, ते सदऱ्यावर बसून घाम पुसत राहिले. दुसऱ्या दिवशीही तात्यांचं 'नाही', तिसऱ्या दिवशीही तेच. गावात जिकडंतिकडं डब्यातले लाडू पाघळायला लागले. आपला वार कधी येईल याचा भरवसा राहिला नाही म्हणून लोकांनी नदीपर्यंत पळणं सोडलं. बाजीराव पैलवान दुपारी जेवून झोपला तो संध्याकाळी उठेना. सगळं गाव आठवडाभरात सुस्तावलं आणि चिडचिडं झालं.

पण खरी काळजी वेगळीच होती. थंडी एका घरी एक दिवस राहावी असा नियम उगीच नाही. सहाव्या दिवशी तात्यांची बोटं निळी पडली, सातव्या दिवशी खोकला छातीत उतरला. डॉक्टर नेरकरांनी त्यांना तपासलं आणि मला बाहेर अंगणात घेऊन सांगितलं, "बाई अजून आठवडाभर इथंच राहिल्या तर तात्या होळी बघायचे नाहीत. तुमचा तो रकाना लवकर भरून घ्या."

समितीची तातडीची सभा झाली. दिगंबर वाघचौरे यांना आनंदी करण्यात यावे, असा ठराव विमलताईंनी मांडला, शेवाळ्यांनी अनुमोदन दिलं आणि तो एकमतानं मंजूर झाला. अंमलबजावणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. बारा माणसं तात्यांच्या अंगणात एका ओळीत उभी राहून ठरल्याप्रमाणे दहा मिनिटं हसली. चौथ्या मिनिटाला त्यांचे दात वाजायला लागले आणि तिघं सर्दी घेऊन घरी गेले. नवव्या दिवशी साठीच्या पुढच्या मंडळींची पोत्यात पाय घालून शर्यत झाली. विमलताई पहिल्या आल्या, पण पोतं पायातून निघेना म्हणून तशाच उड्या मारत घरी गेल्या. दहाव्या दिवशी भजनी मंडळानं फक्त हसऱ्या चालीची भजनं म्हटली. तात्यांनी प्रत्येक वेळी सगळ्यांना चहा केला, मनापासून आभार मानले आणि सकाळी मला 'नाही' सांगितलं.

विमलताई म्हणाल्या की तुम्हीच 'होय' लिहा आणि सहीच्या जागी अंगठा उठवून आणा. अकराव्या दिवशी मी तसं ठरवूनच गेलो होतो. मला तात्यांचा राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. पेन टेकवलंही होतं. तात्या खोकत खोकत माझ्यासमोर बसले होते.

"खोटं कशाला बोलू," ते म्हणाले, "बाई आल्यापासून सकाळी दुसरी कपबशी विसळावी लागते. तेवढं बरं वाटतं. पण बरं वाटणं म्हणजे आनंद नव्हे. तुमच्या वहीत त्याला रकाना नाही."

मी पेनाला टोपण लावलं. घरी येईपर्यंत मला रडू येत होतं हे मी इथं नमूद करतो.

बाराव्या दिवशी सकाळी गेलो तर बाई नेहमीसारख्या उंबऱ्याशी बसलेल्या नव्हत्या. कोपऱ्यात पडून होत्या आणि तात्या त्यांच्या कपाळाला हात लावून बसले होते. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बाईंच्या तोंडात पारा धरला. बाईंचं एरवीचं अंग उणे चार असतं, आज शून्य भरलं. चांगलाच ताप होता. डॉक्टर म्हणाले की यांना रोज नव्या घरी जायची सवय, बारा दिवस एका जागी बसून गुडघे धरले आहेत. औषध काही नाही, यांना हिंडवा.

तात्या स्वतःचा खोकला विसरून उठले. त्यांनी बाईंना धरून अंगणात आणलं. दोन पावलं चालून बाई थांबल्या. म्हणाल्या, मला एका घरून दुसऱ्या घरी जाता येतं; एवढ्याशा अंगणात कुठं जायचं ते कळत नाही. आणि अंगणाबाहेर त्यांना नेता येईना, कारण तिसरा रकाना मोकळा होता.

तात्या विचारात पडले. मग म्हणाले की आमची तारा गौरी आल्या की फुगडी घालायची. त्यात कुठंच जायचं नसतं आणि दमछाक मात्र सगळी होते. मला दरवर्षी हाताला धरून ओढायची, मी लाजून पळायचो. एवढं बोलून त्यांनी हातांची अढी घातली आणि बाईंपुढं धरली. मी वहीच्या मागची नियमावली चाळली. चौसष्ट वर्षांच्या पुरुषानं थंडीबरोबर फुगडी घालू नये असं कुठंही म्हटलेलं नव्हतं, तशी नोंद मी केली.

आधी ते दोघं नुसते कण्हत फिरले. मग बाईंचा एक गुडघा सुटला, दुसरा सुटला, आणि फेरा वाढला. पांढरं लुगडं छत्रीसारखं फुललं. तात्यांची टोपी उडून तुळशीवर पडली. बाईंच्या अंगावरून बारीक दहिवर सुटायला लागलं, ते कुंपणावरून शेवाळ्यांच्या पत्र्यावर गेलं, तिथून चावडीवर, तिथून सगळ्या गल्ल्यांत. नांदखडीत पहिल्यांदाच सगळ्या घरांत एकदम थंडी वाजली.

लोक मिळतील ते स्वेटर घालून बाहेर आले आणि आमच्याकडं धावत सुटले. अंगणात उभं राहवेना इतका गारठा होता, त्यामुळे आल्या आल्या ज्याला जो सापडेल त्याचे हात धरून प्रत्येकानं फुगडी सुरू केली. शेवाळ्यांच्या सासूनं सुनेचेच हात धरले. डॉक्टर नेरकर बाजीरावाबरोबर होते आणि त्यांचे पाय बहुतेक वेळ जमिनीला लागत नव्हते. माझी बायको सिंधू हातात कालथा घेऊन आली, तो तिनं कमरेला खोचला आणि मला ओढलं. मी वही काखेत धरून फिरलो. गाव, आभाळ, विमलताई, शेवाळ्यांची म्हैस, सगळं माझ्याभोवती गरगरत होतं आणि मधोमध तात्या तोंड उघडं टाकून हसत होते. त्यांना कोणी हसवत नव्हतं.

दम संपल्यावर सगळे जिथल्या तिथं खाली बसले. अंगण तरीही बराच वेळ फिरत राहिलं. मी रांगत तात्यांपर्यंत गेलो, वही उघडली आणि तिसरा प्रश्न विचारला. तात्यांनी छातीवर हात ठेवला. श्वास जागेवर येईपर्यंत ते थांबले, मीटरची चकती थांबायची वाट पाहावी तसे.

"होय," ते म्हणाले. "लिहा."

सही वाकडी आली, पण ग्राह्य धरली. बाईंचं अंग डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, ते उणे चार भरलं. त्यांनी बोचकं उचललं, उंबऱ्यापाशी गेल्या आणि तिथं थांबल्या.

"हे फिरायला दोन माणसं लागतात," त्या म्हणाल्या. "यांना बरोबर घेते."

नियमात सोबतीची तरतूद नाही, हे मी त्यांना सांगितलं. विमलताई जमिनीवर बसूनच म्हणाल्या, मग करा तरतूद. अर्ध्या सभासदांना अजून उभं राहता येत नव्हतं, म्हणून बसल्या जागी हात वर करून ठराव मंजूर झाला. तात्यांनी घराला कुलूप लावलं. त्या संध्याकाळी शेवाळ्यांकडं बाईंच्या शेजारी आणखी एक पान मांडलं गेलं.

त्यानंतर रोज एक घर. पाचला तात्या घरातल्या सगळ्यांना उठवायचे, तेल लावून घ्यायला बसवायचे आणि उजाडायच्या आत अंगणात दोघादोघांची फुगडी लावायचे. महिन्याभरात त्यांचा खोकला गेला आणि वजन तीन किलोनं वाढलं. सटाण्याचे पाहुणे पुन्हा येऊन गेले. सकाळी मी वही घेऊन गेलो की लोक प्रश्न विचारायच्या आधीच 'होय' म्हणायचे आणि मला त्यांच्याकडं बघून ते खरं वाटायचं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी बाई एसटीत बसल्या. तात्या स्टँडवर गेले होते. गाडी वळेपर्यंत ते उभे राहिले, मग खिशातून घराची किल्ली काढून नुसतीच बघत राहिले. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ते घरी गेले आणि मी कार्यालयात आलो.

कार्यालयाच्या दारात अकरा माणसं रांगेत उभी होती. तात्यांकडच्या मुक्कामात अकरा दिवस वाढले होते, त्यामुळे वारपत्रकाच्या शेवटची अकरा घरं राहून गेली होती. मी आधीच बजावलं की थंडी आता निघून गेली, तक्रार असेल तर कार्तिकात आणा. ते म्हणाले की थंडीचं काही नाही, ती पुढच्या साली येईल. आमच्याकडं तात्यांचा वार कधी लावता ते सांगा.

मी उन्हाळ्याचं नवं पान आखलं आणि अकराही अर्ज दाखल करून घेतले. बाराव्या ओळीत माझं स्वतःचं नाव घातलं. आमच्या घरचा वार माघातच होऊन गेला होता, पण कारणाच्या रकान्यात मी 'वार चुकला' असं लिहिलं. एकोणीस वर्षांत त्या वहीत मी स्वतःच्या नावापुढं जाणूनबुजून खोटं लिहिलं ते एवढंच.