चाचांची नवी गादी

रहीमचाचा पिंजारी कोणालाही भेटले, की रामराम-सलाम नंतर. आधी समोरच्याचा हात खांद्याइतका उचलतात आणि सोडून देतात. हात धपकन पडला तर माणूस पास. अधांतरी राहिला तर, "कडक हाये बे! ढील दे, ढील!" बोंडअळी आली त्या साली बीटी कपाशी पाहायला आलेल्या साहेबांचाही हात त्यांनी असाच उचलला. तो वरच राहिला. साहेब आशीर्वाद देताहेत असं वाटून दोन म्हाताऱ्या वाकल्यासुद्धा.

पिंपळगाव राजात चाचा आमचे शेजारी. चाची गेल्यापासून एकटेच. त्या साली गावात सगळ्यांचीच डोकी उठली होती, पण माझ्या दहा वर्षांच्या मुक्ताचं आधीपासूनच दुखायचं. आठवड्यातून दोनदा शाळा बुडायची. खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "रोज पंधरा मिनिटं अंग सैल सोडून पडायचं. रोज म्हणजे रोज." मुक्ता तीन दिवस पडली. चौथ्या दिवशी मीच ओरडले, "सैल सोड म्हणते ना!" पोरगी लाकूड झाली.

भिंतीपलीकडून चाचा म्हणाले, "मॅडम, धमकावून कोनी ढिल्लं होते का? धाडा इकडं. मले नवी गादी तपासाले मानूस पायजेच."

रोज "नवी गादी आली" म्हणत चाचा गादीखाली कुठंतरी मूठभर सरकी लपवायचे. "कडक आंगाले सरकी समजत नाही पोरी. पायापासून ढील देत ये." मुक्ता डोळे मिटून पडायची. पाय, पोट, खांदे, शेवटी कपाळ. मग एकदम, "डाव्या कोपराखाली!"

"पास!"

संक्रांतीपर्यंत एक दिवस चुकली नाही. डोकं आता महिन्यातून एखाद्या वेळी दुखायचं. मी खुशीत चाचांना सांगायला गेले, आता रोज यायची गरज नाही.

"बराबर हाये," चाचा म्हणाले. लाल पट्ट्यांच्या खोळीचे टाके उसवून ते पुन्हा कापूस भरत होते.

"कोणाची गादी, चाचा?"

"खामगावची आडर हाये," ते खाली बघत म्हणाले. खामगावहून तर टेम्पो भरभरून फोमच्या गाद्या येत होत्या. तिकडून ऑर्डर कसली येणार! चाचांच्या पिंजणावर धूळ बसली होती.

घरी येऊन मुक्ताला सांगितलं. ती म्हणाली, "मले त दिवाळीतच समजलं. एकच गादी हाये ते. तिले निळं ठिगळ हाये."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त चाचांनी बंद केलं असतं. मंग ते दिवसभर कोनासंग बोलतीन?"

मुक्तानं माझा हात उचलून सोडला. तो तसाच वर राहिला.

"कडक हाये वं आई. चाल, तू बी ये."

आम्हा दोघींना दारात पाहून चाचा उठले, आणि सरकीची आणखी एक मूठ घेऊन आले.