चोवीस चॅनेलची निवड

पत्नीने एकच गोष्ट मागितली होती: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तब्बल सहा वर्षांनी ती लोकांसमोर गाणार होती. साथीला फक्त एक व्हायोलिन, आणि वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या जेमतेम ऐंशी. एवढ्या गरजेला सभागृहाचा माइक जोडायचा जुना मिक्सर सहज पुरला असता. परंतु तिचा नवरा भूमापन खात्यात नकाशे काढणारा गृहस्थ. साध्या प्रश्नाला साधे उत्तर देणे त्याला आपल्या व्यवसायाचा अपमान वाटे.

मिक्सर आपणच घ्यायचा, तो ॲनालॉगच हवा, आणि घरी ध्वनिमुद्रणाला नि बाहेर कार्यक्रमाला सारखाच चालणारा हवा, असे त्याने ठरवले. (घरी आजवर मुद्रित झालेला एकमेव आवाज शेजारच्या पाण्याच्या पंपाचा होता.) तीन महिने तक्ते आखून तो दुकानात गेला. किती माइक लावणार, असे दुकानदाराने विचारले. दोन, असे उत्तर मिळताच त्याने काखेत मावेल असा मिक्सर पुढे केला. नकाशेकाराने त्याकडे अशा करुणेने पाहिले की दुकानदाराला काय ते उमगले आणि मागच्या खोलीत कित्येक दिवस जागा अडवून बसलेले चोवीस चॅनेलचे, म्हणजे चोवीस माइक जोडता येतील असे, धूड त्याने उघडे केले. निवड तत्क्षणी झाली.

जन्मभर इतरांच्या भिंती मोजणाऱ्या या माणसाने स्वतःच्या दाराची रुंदी तेवढी मोजली नव्हती. मेव्हण्याने दार बिजागऱ्यांतून काढून ते धूड आत आणले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले, कारण अन्यत्र ते मावेना.

"दाजी, ताईचा आवाज निघेल ना यातून?" मेव्हण्याने कंबर चोळत विचारले.

"निघणार नाही. उमलेल."

पत्नीने फक्त मीठ कुठे आहे, एवढे विचारले. (ते चौदाव्या आणि पंधराव्या चॅनेलच्या मधे होते.)

या यंत्रात त्याला सर्वांत भावले ते प्रत्येक चॅनेलवरचे एक इवलेसे बटण. ते दाबले की त्या माइकचा आवाज थेट हेडफोनमध्ये येई. सभागृहाकडे आवाज सोडणारी दांडी, जिला फेडर म्हणतात, ती वर आहे की खाली याच्याशी त्या बटणाला काहीएक कर्तव्य नसे. पंधरा दिवस त्याने हेडफोन लावूनच सराव केला. स्पीकर जोडण्याची गरज अशा सूक्ष्म अभ्यासाला कुठून असणार?

रविवारी सकाळी सभागृहात चाचणी उत्तम झाली. मग माहितीपुस्तकाच्या आज्ञेनुसार त्याने सगळे फेडर खाली घेतले. गाणे सुरू होताच ते वर करायचे होते. कार्यक्रम सुरू झाला आणि पत्नीने पहिला सूर लावला. त्याने बटण दाबले, आणि तो सूर श्वासासकट त्याच्या कानांत उतरला. इतक्या निर्दोष आवाजात आता एका दांडीलाही हात लावणे हे पाप, असे त्याला वाटले. ते पाप त्याने केले नाही. डोळे मिटून घेतले.

मध्येच एकदा डोळे उघडले, तेव्हा शेवटच्या रांगेतला मेव्हणा दोन्ही हात खालून वर, खालून वर नेत होता. ही दाद समजून नकाशेकाराने विनयाने मान लववली. मेव्हणा उठून यायला निघाला, तर शेजारच्या आजींनी त्याला बाही धरून खाली बसवले. त्याच्या बुटांचा आवाज गाण्याच्या आड येत होता. हतबल होऊन त्याने कपाळावर हात मारला. नकाशेकाराने तोही नमस्कार म्हणून स्वीकारला.

टाळ्या थांबल्यावर एक वयोवृद्ध गानशिक्षक मुद्दाम यंत्रापाशी आले आणि म्हणाले, "ध्वनियंत्रणा आहे, हे जाणवलंच नाही. असं काम हल्ली विरळाच." हे साधण्यासाठी चोवीस चॅनेल का अपरिहार्य आहेत, ते नकाशेकाराने त्यांना सविस्तर समजावून सांगितले.

सभागृह रिकामे झाल्यावर पत्नी आली. तळाशी ओळीने निजलेल्या चोवीस दांड्यांकडे तिने पाहिले. मग त्यानेही पाहिले.

"माइक बंद होता?" त्याने विचारले.

"पहिल्या ओळीलाच कळलं मला. मग म्हटलं, जपून जपून किती जपायचा गळा. सोडून दिला."

"आणि शेवटची रांग?"

"सगळं ऐकू गेलं त्यांना. आजी रडत होत्या." तिचेही डोळे ओले होते.

नकाशेकाराने खाली मान घालून, उद्याच हे यंत्र परत करतो, असे सांगितले.

"मुळीच नाही. पुढच्या महिन्यात दोन कार्यक्रम ठरलेत. दोन्हीकडे न्यायचं हे."

त्याला भरून आले. "म्हणजे एवढं होऊनही तुझा माझ्यावर विश्वास आहे?"

"अहो, रोज रियाजाला बसले की तुम्ही समोर बसून सूचना करता," पत्नी शांतपणे वायर गुंडाळत म्हणाली. "आज पहिल्यांदा सलग दीड तास गायला मिळालं. हे समोर असलं की तुम्ही गुंतून राहता."