दुसऱ्या रांगेतली देसांका

देसांकाला जाऊन अकरा महिने झाले, तेव्हा तिच्या नवऱ्याने, स्वेतोलिकने, ठरवलं की वर्षश्राद्धाच्या आत तिचा आवाज शोधून काढायचा.

आवाज घरातच होता. निदान असायला हवा होता. किकिंदा गावच्या गायनमंडळाने बारा वर्षांपूर्वी चर्चमध्ये गाऊन एक सीडी काढली होती. चाळीस बायका, त्यांत दुसऱ्या रांगेत देसांका. याखेरीज तिचा आवाज कुठेच उरला नव्हता. फोनवर निरोप ठेवणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं तिचं मत होतं. ती असताना स्वेतोलिकने ती सीडी एकदाही पुरी ऐकली नव्हती. तेव्हा तो तळघरात बसून काचेच्या जुन्या व्हॉल्व्हवर चालणारा हेडफोनचा ॲम्प्लिफायर बनवत होता. त्याला नऊ वर्षं लागली. ॲम्प्लिफायर झाला उत्तम, पण त्यातून चाळीस बायका एकाच मोठ्या बाईसारख्या ऐकू येत.

शेजारच्या लाझारने निदान केलं. तो साखर कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाला होता आणि कुंपणापलीकडच्या सगळ्या गोष्टींवर त्याचं मत तयार असे. त्याच्या मते ॲम्प्लिफायरचा काही दोष नव्हता, दोष होता डॅकचा. डॅक म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा परत आवाज करणारी डबी. स्वेतोलिककडची डबी काडेपेटीएवढी होती आणि तिची किंमत ऐकून लाझारने डोळे मिटले.

"शेजारी, तुमचा ॲम्प्लिफायर उबदार स्वभावाचा आहे," तो म्हणाला. "त्याला थंड डॅक हवा. दोन उबदार एकत्र आले की चिखल होतो."

त्याने स्वतःचा थंड डॅक आणला, जोडला, हेडफोन आधी स्वतःच्या कानांवर चढवला आणि अर्ध्या मिनिटात बोट वर केलं. डावीकडे, मधल्या उंचीवर, देसांकाबाई. अगदी श्वास घेतलेला कळतोय. मग त्याने हेडफोन स्वेतोलिकला दिला. स्वेतोलिकने डावीकडे कान लावला. त्याला चाळीस बायका ऐकू आल्या, पूर्वीपेक्षा जरा सुट्या, पण त्यांत त्याची एकही नव्हती. लाझार इतक्या आशेने बघत होता की तो म्हणाला, "हो, येतंय थोडं."

इथेच चूक झाली. कारण ही गोष्ट दुसऱ्या दिवशी बेकरीत विदोयेच्या कानावर गेली आणि विदोये हा स्वेतोलिकचा कूम होता. लग्नात साक्षीला उभा राहिला तो कूम. सख्ख्या भावाला माणूस नाही म्हणू शकतो, कूमला नाही.

"मी मेलो होतो का?" विदोयेने दारातच विचारलं. "देसांका शोधायची तर शेजाऱ्याला बोलावतोस?"

स्वेतोलिकने त्याच्यापुढे राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला ठेवला. लाझारचं म्हणणंही सांगितलं, आणि ती दुसरी चूक झाली.

"उबदाराला थंड?" विदोये म्हणाला. "अरे, तुझं लग्न मी लावलं. तुम्हा दोघांत थंड कोण होतं? दोघंही चुलीवरची भांडी. टिकलं ना अडतीस वर्षं? उबदाराला उबदारच लागतो. या डब्याचं लग्नही मीच लावणार."

त्याने बेलग्रेडहून एक डॅक मागवला. चौदा दिवसांत परत करायच्या बोलीवर आलेलं ते खोकं छोट्या शेगडीएवढं जड होतं आणि तापतही तसंच होतं. विदोयेने हेडफोन घातला, पहिलं गाणं पुरं ऐकलं, डोळे पुसले. देसांका होती. उजवीकडे. स्वेतोलिकने ऐकलं. उजवीकडेही कुणी नव्हतं. पण कूमने विचारलं, "आली ना?" आणि तो हो म्हणाला.

आता देसांका डावीकडेही होती आणि उजवीकडेही. लाझार आणि विदोये कुंपणाच्या दोन बाजूंनी भांडू लागले. लाझार म्हणे, उबदार डबा खोटं गोड बोलतो. विदोये म्हणे, थंड डब्याला स्वतःची आईसुद्धा ओळखू यायची नाही. शेवटी विदोयेने साक्षीदार आणले. गायनमंडळाच्या पाच बायका एका दुपारी चीजचा पिटा घेऊन हजर झाल्या. एकेकीने दोन्ही डबे ऐकले. एकीला देसांका मधोमध सापडली, दुसरीला मागे, खांबाजवळ. मंडळात मिर्याना देसांकाच्या शेजारी उभी असायची. तिने आधी स्वतःलाच मन लावून ऐकलं आणि मग सांगितलं की शेवटचा सूर असा धरून ठेवणं देसांकालाच जमायचं. दोघी रडल्या. नाही म्हणालेली कुणी नव्हती.

स्वेतोलिकने सगळ्यांना कॉफी दिली. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सोमवारी तो कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कान उत्तम आहेत, या वयात एवढे चांगले कान त्यांनी कमी पाहिलेत. हे ऐकून तो आणखी खचला. कान गेले असते तर बरं झालं असतं. आता एकच अर्थ उरत होता. ज्या बाईबरोबर अडतीस वर्षं काढली, तिचा आवाज सगळ्या गावाला ओळखू येत होता आणि नवऱ्याला येत नव्हता. इतकी वर्षं आपण नक्की ऐकलं काय, हे त्याला आठवेना.

तोपर्यंत विदोयेने परस्पर जाहीर करून टाकलं होतं की वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर येणाऱ्या प्रत्येकाला देसांका ऐकवण्यात येईल. सुरुवात मंडळाच्या ओलिवेराबाईंपासून. तीस वर्षं मंडळ त्यांनीच चालवलं होतं. त्या म्हणतील ती बाजू खरी, आणि त्या बाजूचा डबा घरात राहील. लाझारनेही हे मान्य केलं.

शनिवारी सकाळी चर्च झालं, कबरीवर मेणबत्त्या लावून झाल्या, उकडलेले गहू वाटून झाले. घरी माशाचं सूप, कोबीच्या पानांत गुंडाळलेला सार्मा, मग कॉफी. मग विदोयेने ओलिवेराबाईंना आतल्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं आणि हेडफोन मानाची टोपी घालावी तसा त्यांच्या डोक्यावर ठेवला. दारात गर्दी झाली. ओलिवेराबाईंनी एक गाणं ऐकलं. दुसरं ऐकलं. मग हेडफोन काढला आणि म्हणाल्या की त्यांना स्वेतोलिकशी जरा एकट्याने बोलायचंय. विदोयेने लाझारकडे विजयी नजर टाकली. लाझारनेही तशीच परत टाकली. दार बंद झालं.

"तुम्हाला येते का ती ऐकू?" ओलिवेराबाईंनी विचारलं.

स्वेतोलिकने दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग नाही म्हणाला. या सगळ्या शोधात पहिल्यांदा.

"देवाची कृपा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं गावात एकालाही कान नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. देसांकाचा आवाज चांगला होता, पण अर्धा सूर खाली. नेहमीच. मैफलीत चाळीस जणींत खपून जायचं. पण ते ध्वनिमुद्रण होतं, माईक कुणाला दयामाया दाखवत नाही. अकरा वर्षांत एकही तालीम न चुकवलेल्या बाईला वगळणार कशी? म्हणून त्या दिवशी त्यांनी देसांकाला बाजूला घेऊन विनवलं की आज फक्त तोंड हलव. शेजारच्या मिर्यानालाही कळलं नाही. मिर्याना स्वतःखेरीज कुणाला ऐकत नाही.

"ती काय म्हणाली?" स्वेतोलिकने विचारलं.

"रागावली जरा. मग म्हणाली, स्वेतोलिकला कळू देऊ नका. मग स्वतःच म्हणाली, कळतंय कशाला, तो कुठे ऐकतोय."

स्वेतोलिकच्या तोंडून आधी नुसता श्वास बाहेर पडला. मग तो हसला. देसांकाचं बोलणं होतं ते, तिच्याच चालीचं, आणि हे वाक्य तो कुठल्याही डब्याशिवाय ओळखू शकला.

विदोयेला धीर धरवेना. तो पेला घेऊन आत आला, मागून लाझार.

"काय मग? उजवीकडेच ना?"

ओलिवेराबाई स्वेतोलिककडे बघत राहिल्या. एका वाक्यात दोघांचे डबे, पाच बायकांचे अश्रू आणि मिर्यानाचा शेवटचा सूर, सगळं जमीनदोस्त झालं असतं. स्वेतोलिकने दोघांच्या तारा काढल्या, नीट गुंडाळल्या आणि आपली काडेपेटीएवढी डबी ॲम्प्लिफायरला जोडली.

"मी हाच ठेवतो," तो म्हणाला.

"त्यातून तर काहीच ऐकू येत नाही," लाझार म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणून तर. यातच ती सगळ्यात स्पष्ट आहे."

विदोयेला कुणी नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ. तो खोकं उचलून अंगणात आला, लाझारही त्याचा डॅक काखेत मारून आला. बिचाऱ्याचे कान गेले, असं लाझार म्हणाला. विदोयेने मान डोलावली. महिन्याभरात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

खिडकीतून स्वेतोलिक पाठमोरा दिसत होता. कानांवर हेडफोन, खांदे हलताहेत.

"रडतोय," विदोये हळूच म्हणाला.

लाझारने डोळे बारीक करून पाहिलं. "छे. हसतोय."

"मी कूम आहे त्याचा. मला सांगू नकोस."

"आणि मी शेजारी आहे. मी रोज बघतो त्याला."

दोघांनी आपापले डबे जमिनीवर ठेवले.