अठ्ठेचाळीस कोट

टक् करून मशीनची सुई मोडली आणि घरातली अभ्यासाची शांतता भंगली. कोपऱ्यात लेक अपूर्णांक सोडवत होती. परवा तिची निवड परीक्षा होती.

गुणवत्ता कुठेही जन्माला येऊ शकते, फक्त ती वेळेवर ओळखावी लागते, हे सर्वमान्य आहे. म्हणून शहरातली मुले अकराव्या वर्षी तीन शाळांत वाटली जातात. पहिलीत पुढे हुकूम देणारी, दुसरीत ते टाइप करणारी, तिसरीत ते पाळणारी. पद्धत इतकी निःपक्षपाती की गेल्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या घरांतल्या एकोणीस मुलांनाही परीक्षेला बसू दिले. (एकोणीसही तिसरीत गेली. परीक्षेला मात्र पुढचे बाक मिळाले होते.)

आईला या पद्धतीची जवळून माहिती होती. पहिल्या शाळेचे कोट तीच शिवायची. प्रत्येक मुलाच्या मापाचे, आत नावाची पट्टी लावून. तिसरीचे कपडे गठ्ठ्याने यायचे. आकार तीन: लहान, मोठा आणि चालेल.

सकाळीच पहिल्या शाळेचा शिपाई मापांची यादी देऊन गेला होता.

"ताई, निकालादिवशीच कोट लागतील. मागच्या खेपेला मुलं तासभर नुसत्या सदऱ्यावर बसली, बरं दिसलं नाही."

परीक्षा अजून व्हायची आहे, असे आईने भीत भीत सुचवले. ती तर होणारच, तो म्हणाला. परीक्षेशिवाय निकाल लावायला आपण काय अडाणी आहोत?

जागा अठ्ठेचाळीस, मापे अठ्ठेचाळीस. नियोजन यालाच म्हणतात. डॉक्टरांचा धाकटा (पोट विशेष), वकीलबाईंची जुळी, शिक्षणाधिकाऱ्यांचा पुतण्या (बाही वाढती ठेवणे). यात अन्याय काही नाही. ज्यांना कोट नीट बसला, त्यांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही. (तुमचा बसला होता ना?)

आईने नवी सुई लावली. यादी पालथी ठेवायची मात्र राहून गेली. लेकीने ती उचलली, एकेका नावावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचली, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. नंतर आईच्या गळ्यातली टेप हळूच ओढून तिने स्वतःच्या छातीभोवती धरली.

"आई, माझं माप द्यायला तू विसरलीस का गं?"