चंद्राक्का साळिंदरणीचा सरकारी सत्कार

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका बाळांनो, मला अजून तिथून ये-जा करायची आहे) हरणं फार होती आणि साळिंदरांची चारदोन घरं होती.

त्यातली चंद्राक्का साळिंदरीण प्राण्यांच्या पायातले काटे काढायची. हात असा हलका, की काटा निघाल्यावर गिऱ्हाईक विचारायचं, "कधी काढताय?" पण पाणवठ्यावरच्या बाजारात तिला कोणी गाळा देईना. म्हणायचे, "शेजारी टोचतो."

मग दरबाराने योजना काढली. ज्यांची घरं मोजकी, त्यांच्या गाळ्याचं भाडं दरबार भरणार. चंद्राक्काचं दुकान थाटलं. सगळं जंगल तिथे रांग लावू लागलं. हरणं सगळ्यात पुढे.

एक दिवस हरणांचा म्होरक्या दरबारात उभा राहिला.

"महाराज, तिलाच भाडं का? आम्हाला कुठे मिळतं?"

"अहो, तुमचे गाळे तुमच्या आजोबांपासून तुमचेच आहेत ना?" म्हाताऱ्या कासवाने विचारलं.

"ते वेगळं!"

सिंहमहाराजांना ते वेगळं असल्याचं लगेच पटलं. त्यांनी जाहीर केलं, "आजपासून सगळे समान. योजना बंद!" टाळ्या पडल्या. कासवानेही वाजवल्या, जरा उशिरा.

चंद्राक्का धावत सचिव मुंगूसरावांकडे गेली. "साहेब, दुकान गेलं तर पोरांना काय घालू?"

"असं तोंड पाडू नका हो. उद्या समारोप आहे योजनेचा. तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, सगळं!"

दुसऱ्या दिवशी दुकानाला सकाळीच टाळं लागलं आणि पाणवठ्यावर हा एवढा मंडप उभा राहिला. झालर, कमान, हत्तींचा बँड. बसायला गाद्या.

"साहेब," चंद्राक्का हळूच म्हणाली, "या मंडपाच्या खर्चात माझं किती वर्षांचं भाडं निघालं असतं हो?"

"मंडपाचं हेड वेगळं असतं, अक्का. हसा जरा, महाराज आले."

आता बाळांनो, साळिंदराला शाल पांघरायची नसते, हे तुम्हाला कळतं. पण त्या दरबारात शाल पांघरल्याशिवाय योजना बंदच होत नसे. महाराजांनी शाल पांघरली आणि कौतुकाने तिच्या पाठीवर थाप मारली.

"आई गं!"

ही डरकाळी नव्हती, पण लोकांनी डरकाळी समजून टाळ्या वाजवल्या. महाराजांच्या पंजात हा एवढा काटा!

"द्या महाराज, आत्ता काढते," चंद्राक्का म्हणाली.

महाराजांनी पंजा पुढे केलासुद्धा. तेवढ्यात मुंगूसराव मध्ये पडले.

"महाराज! योजना सकाळपासून बंद आहे. आता हिच्याकडून काटा काढून घेतलात, तर बाहेर काय दिसेल?"

महाराजांनी पंजा मागे घेतला. डोळ्यांत पाणी होतं. "आम्हाला," ते म्हणाले, "काही टोचतच नाही." आणि लंगडत सिंहासनाकडे गेले.

राजा लंगडतोय म्हटल्यावर प्रधान लंगडला. प्रधान लंगडतोय म्हटल्यावर मुंगूसराव दोन पायांनी लंगडले. हरणांना वेगळं लंगडायची गरजच पडली नाही. त्यांच्या पायांत खरेच काटे होते आणि ते काढणारं कोणी उरलं नव्हतं.

चंद्राक्का फाटकी शाल पाठीवर घेऊन पोरांसह ओढ्यापलीकडच्या रानात निघून गेली. तिथे तिचं काय झालं ते विचारायला जायचं दरबारात ठरलं होतं. पण ओढ्यापर्यंत चालवेल असं कोणी सापडलं नाही.

बाहेरून पाहुणे येतात ते मात्र थक्क होतात. म्हणतात, "काय समानता हो तुमच्याकडे! राजापासून रंकापर्यंत एकच चाल!"

तात्पर्य : समानता आणायची असेल तर मागे पडलेल्याला हात देत बसू नये, त्यात फार वेळ जातो. सगळ्यांना लंगडं करावं. झटपट होतं आणि टाळ्याही पडतात.